एक इंजिन गेलं तरी दुसरं आहे ना? छोट्या विमानांचं हे गणित जरा वेगळंय

गेल्या दिवाळीत मावसभावाचा मुलगा घरी आला होता. गोंदियाला फ्लाइंग शिकतोय, कमर्शियल लायसन्सच्या शेवटच्या टप्प्यात आहे आणि नुकताच एका इंजिनाच्या विमानावरून दोन इंजिनांच्या विमानावर गेलाय. घरात पायलट आला की प्रत्येकजण आपापला प्रश्न घेऊन बसतो, आमच्याकडेही तेच झालं, आजीला विमानात जेवण गरम कसं करतात ते हवं होतं आणि मी आपलं सहज म्हणून गेलो की आता बरंय बाबा, दोन इंजिनं आहेत, एक गेलं तरी दुसरं आहे, टेन्शन नाही.

तो हसला आणि म्हणाला, "काका, तसं नसतं ओ. या, बसा इकडे."

हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची ओढली, मला बसवलं, दोन पाय दोन फरश्यांवर ठेवायला लावले. ह्या तुमच्या रडरच्या पेडल, डावी दाबली की विमानाचं नाक डावीकडे जातं, उजवी दाबली की उजवीकडे, कळलं? कळलं. सोपं आहे की. मग म्हणाला टेकऑफ झालाय, शंभर फुटांवर आहात, चाकं अजून खालीच आहेत, आणि एकदम ओरडला, "डावं इंजिन गेलं!"

मी धाडकन डावा पाय दाबला.

"गेलात काका," तो शांतपणे म्हणाला, "आणि तुमच्याबरोबर बाकीचे नऊ जण."

मला वाटलं नऊ हा आकडा त्याने उगाच फेकला असेल. तसं नव्हतं. तो एका खऱ्या अपघाताबद्दल बोलत होता, आणि त्या दिवसापासून मी त्या अपघाताबद्दल मिळेल ते वाचत सुटलो, म्हणून हे लिहितोय.

३० जून २०१९, रविवारची सकाळ, नऊ वाजून गेलेले. अमेरिकेत टेक्सासमध्ये डॅलस शहराच्या उत्तरेला ॲडिसन नावाचं एक छोटं विमानतळ आहे, मोठ्या एअरलाइन तिथे येत नाहीत, खासगी विमानांची वर्दळ असते. तिथून एक किंग एअर ३५० फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गला निघालं, दोन पायलट आणि आठ प्रवासी. विमान रनवेवरून उचललं, जेमतेम शंभर फूट, म्हणजे दहा मजली बिल्डिंगएवढं वर गेलं, डावीकडे सरकायला लागलं, मग डावीकडे कलंडलं, कलंडतच गेलं आणि जवळजवळ उलटं होऊन विमानतळावरच्याच एका हँगरवर, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडवर, आदळलं. टाक्यांत लांबच्या प्रवासाचं इंधन भरलेलं, मोठी आग लागली. दहाच्या दहा जण गेले. हँगरमध्ये त्या वेळी कोणी नव्हतं हे त्यातल्या त्यात नशीब.

किंग एअर म्हणजे कुठलंतरी जुनाट डबडं नाही बरं का. दोन टर्बोप्रॉप इंजिनं, म्हणजे आत जेट इंजिनासारखीच टर्बाइन पण ती पुढे पंखा, म्हणजे प्रोपेलर, फिरवते. १९६० च्या दशकापासून हे विमान बनतंय, जगभर उद्योजक, हॉस्पिटलं, सरकारं वापरतात, आपल्याकडेही राज्य सरकारांच्या ताफ्यात हे असायचं आणि आहे. जून २०१८ मध्ये जुहूहून टेस्ट फ्लाइटला निघालेलं विमान घाटकोपरला पडलं होतं ना, ज्यात विमानातले चार आणि रस्त्यावरचा एक माणूस गेला, ते ह्याच घराण्यातलं सी-९० होतं. पण तो अपघात टेकऑफनंतर लगेचचा नव्हता, त्यामुळे तो ह्यात मिसळायला नको. ॲडिसनचं ३५० हे त्याच्याहून मोठं, प्रत्येक इंजिन १,०५० हॉर्सपॉवरचं. आणि महत्त्वाची गोष्ट म्हणजे एका इंजिनावर हे विमान व्यवस्थित वर चढू शकतं, तसं सिद्ध केल्याशिवाय त्याला सर्टिफिकेटच मिळत नाही.

मग पडलं कसं?

बैलगाडी डोळ्यासमोर आणा. दोन बैल, सारख्या जोराने ओढतायत, गाडी सरळ चाललीय. अचानक डावा बैल बसला. उजवा अजून जोर लावतोय. गाडी कुठे वळेल? डावीकडे, बसलेल्या बैलाभोवती फिरायला लागेल. विमानाचं अगदी हेच होतं. डाव्या पंखावरचं इंजिन गेलं की उजवं इंजिन उजवी बाजू पुढे ढकलतं आणि नाक डावीकडे वळतं. आणि नाक वळतं तेवढ्यावर भागत नाही. डावा पंख मागे पडतो, उजवा पुढे जातो, पुढे जाणाऱ्या पंखावरून हवा जास्त वेगाने वाहते म्हणून तो वर उचलला जातो, शिवाय चालू प्रोपेलर उजव्या पंखावर हवेचा झोत मारतोय, त्याने तिकडे आणखी उचल मिळते, डाव्या बाजूला तो झोतच बंद झालाय. म्हणजे वळणं आणि कलंडणं, दोन्ही डावीकडेच, एकाला एक जोडून. हे थांबवायचा उपाय एकच, शेपटीच्या उभ्या पात्याला मागे लावलेला रडर उजवीकडे वळवायचा, म्हणजे उजवा पाय दाबायचा. हलका नाही, चांगला जोर लावून. डावं गेलं तर उजवा पाय, उजवं गेलं तर डावा. एवढंच.

ॲडिसनच्या विमानात फ्लाइट डेटा रेकॉर्डर नव्हता, त्या विमानाला तो सक्तीचाही नव्हता, होता फक्त कॉकपिटमधला आवाज टिपणारा रेकॉर्डर. अमेरिकेची तपास संस्था एनटीएसबी अशा वेळी जे करते ते मला भारी वाटतं, त्यांनी रेकॉर्डिंगमधला प्रोपेलरचा घुंई आवाज घेतला आणि त्याच्या सुरावरून कुठला प्रोपेलर किती फिरत होता ते काढलं, जसा आपण मिक्सरच्या आवाजावरून ओळखतो की आत भांडं अडकलंय की रिकामं फिरतंय. विमान जमिनीवरच्या रिसीव्हरला सतत आपली जागा आणि वेग कळवत असतं, तो डेटा घेतला, आणि विमानतळावरच्या कॅमेऱ्यांचे व्हिडिओ. ह्या सगळ्यावरून विमान हवेत कुठल्या कोनात तिरकं सरकत होतं ते मांडलं. त्यात दिसलं की उचलल्यावर लगेच डाव्या इंजिनाचा जोर कमी झाला. मुख्य पायलटने हे काय झालं अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं, शेजारच्या पायलटने सांगितलंसुद्धा की डावं इंजिन गेलंय. आणि विमानाच्या हालचालीवरून हिशोब केला तर मुख्य पायलटचा पाय आधी डाव्या पेडलवर गेला होता. माझ्यासारखाच. नंतर उजवा पाय पडला, पण शंभर फुटांवर 'नंतर' ह्या शब्दाला काही अर्थ नसतो.

हे वाचल्यावर मला आधी राग आला होता, एवढ्या अनुभवी माणसाला डावं-उजवं कळू नये? मग खुर्ची आठवली आणि गप्प बसलो.

आता वेगाचा भाग, कारण खरा सापळा तिथे आहे. लहानपणी एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून (कंडक्टरच्या शिव्या खाऊन) पाहिलं असेल तर आठवेल, गाडी गावातून हळू चालली असेल तर हाताला काहीच लागत नाही, हायवेला लागली की तोच हात हवा मागे ढकलते, तळवा थोडा तिरका केला तर वर उडतो. रडर म्हणजे तो तळवा. वेग असेल तर ताकद, वेग नसेल तर नुसतं पातं. उलट चालू इंजिनाचा ढकलण्याचा जोर वेग कमी झाला म्हणून कमी होत नाही. त्यामुळे प्रत्येक दोन इंजिनी विमानाला एक असा वेग असतो की त्याखाली तुम्ही रडर पूर्ण दाबून धरला तरी चालू इंजिन जिंकतं आणि विमान तुमच्या हातात राहत नाही. स्पीडच्या डायलवर ह्या वेगाला लाल रेघ मारलेली असते. किंग एअर बी-२०० ची लाल रेघ ८६ नॉटवर आहे, म्हणजे ताशी साधारण १६० किलोमीटर. दुसरी निळी रेघ असते, एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढायचा वेग, तो त्याच विमानाला १२१ नॉट, म्हणजे ताशी सव्वादोनशेच्या आसपास. टेकऑफ झाल्या झाल्या विमान ह्या दोन रेघांच्या मधे कुठेतरी असतं, आणि पायलटची सगळी धडपड लाल सोडून निळीकडे जाण्याची. इंजिन नेमकं ह्या पट्ट्यात गेलं की माणूस अडकतो, कारण विमान खाली यायला लागलं की हात आपोआप नाक वर ओढतो, नाक वर केलं की वेग कमी होतो, वेग कमी झाला की लाल रेघ येते.

आणि ती लाल रेघ कारखान्याच्या टेस्ट पायलटने काढलेली असते, त्याला माहीत असतं की आता इंजिन बंद होणार आहे, आणि तो विमान पाच अंशांपर्यंत चालू इंजिनाच्या बाजूला झुकवूनही धरतो, त्याने रडरला मदत होते. तुम्ही पंख सपाट ठेवलेत किंवा मेलेल्या इंजिनाकडे झुकू दिलेत तर तुमची खरी लाल रेघ छापलेल्या आकड्याच्या बरीच वर सरकते. म्हणजे डायल सांगतोय सुरक्षित आहात आणि विमान मात्र वळतंय.

डावं इंजिन जाणं हे उजवं जाण्यापेक्षा वाईट, हे मला आधी अजिबात माहीत नव्हतं. किंग एअरमधे दोन्ही प्रोपेलर मागून बघितलं तर घड्याळाच्या दिशेने फिरतात. विमान नाक वर करून चढत असताना खाली येणारं पातं हवेला जास्त चावतं, वर जाणारं कमी. खाली येणारं पातं दोन्ही इंजिनांच्या उजव्या अंगाला असतं. उजव्या इंजिनाचं उजवं अंग म्हणजे विमानाच्या मधल्या रेषेपासून सगळ्यात लांब, तर डाव्या इंजिनाचं उजवं अंग मधल्या रेषेच्या जवळ. दरवाजा बिजागरीपासून लांब ढकलला तर पटकन फिरतो, तसं उजवं इंजिन एकटं राहिलं की ते विमानाला जास्त जोरात फिरवतं. म्हणून डावं गेलेलं जास्त महागात पडतं, पायलट लोक त्याला क्रिटिकल इंजिन म्हणतात. काही विमानांत हा प्रश्न मिटवायला दोन प्रोपेलर उलटसुलट दिशेने फिरवतात. गणपतीच्या आरतीत दोघे समोरासमोर टाळ वाजवतात तसे म्हणा हवं तर, उपमा काही फार जमली नाही पण असो.

बरं, पाय बरोबर पडला. मग पुढे? इथे घरखर्चाचं गणित लागतं, हे मला त्या पोराने चकलीच्या डब्याच्या झाकणावर पेनाने लिहून दाखवलं. समजा नवरा-बायको दोघं कमावतात, पन्नास-पन्नास हजार. घरखर्च अडतीस हजार. महिन्याला बासष्ट हजार शिल्लक. एकाची नोकरी गेली. उत्पन्न निम्मं झालं, पण शिल्लक निम्मी झाली का? पन्नासातून अडतीस गेले, उरले बारा. बासष्टचे बारा! म्हणजे ऐंशी टक्के शिल्लक गेली. विमान ज्या ताकदीने वर चढतं ती ही शिल्लक असते, सरळ उडत राहायला लागणारा खर्च वजा जाता उरलेली ताकद. म्हणून दोन इंजिनी छोट्या विमानाचं एक इंजिन गेलं की चढण्याची क्षमता निम्मी न होता साधारण ऐंशी टक्के किंवा त्याहून जास्त जाते. आणि आता ह्यात खर्च वाढवा, चाकं खाली लोंबतायत, बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने गरागरा फिरतोय आणि हवेला अडवतोय, गरम दुपार आहे म्हणून हवा पातळ. खर्च अडतीसचा पंचावन्न झाला. आता दर महिन्याला पाच हजारांचा खड्डा. बँकेत शिल्लक असेल तर काही महिने निघतात, विमानाच्या बाबतीत बँक बॅलन्स म्हणजे उंची. आठ हजार फुटांवर असाल तर शांतपणे विचार करा, चहा प्या. शंभर फुटांवर असाल तर खात्यात शंभर रुपये आहेत.

त्यातला सगळ्यात मोठा खर्च तो फिरणारा पंखा. म्हणून बंद प्रोपेलर फेदर करतात, म्हणजे पात्यांची धार वाऱ्याच्या दिशेला करायची की ती हवेला अडवतच नाहीत, पावसात वारा सुटल्यावर उघडी छत्री धरणं आणि मिटलेली छत्री टोकाकडून वाऱ्यात घुसवणं ह्यात जो फरक आहे तो. किंग एअरमधे ऑटोफेदर असतं, इंजिन गेलं की पाती आपोआप वळतात. पण त्याला एक अट आहे, दोन्ही पॉवर लिव्हर, म्हणजे इंजिनाचा जोर कमीजास्त करायच्या दांड्या, पुढे ढकललेल्या असल्या पाहिजेत. ही अट का ते लगेच कळतं, नाहीतर पायलटने उतरताना मुद्दाम पॉवर कमी केली तरी मशीनला वाटेल इंजिन गेलं.

आता गंमत बघा, गंमत म्हणजे वाईट अर्थाने. किंग एअरच्या पॉवर लिव्हर मोकळ्या सोडल्या तर मागे सरकायचा त्यांचा कल असतो. त्या जागेवर राहाव्यात म्हणून घट्ट करायला एक फ्रिक्शन नॉब असतो, तो सैल राहिला आणि पायलटने उचलल्याबरोबर चाकं वर घ्यायला लिव्हरवरचा हात काढला तर लिव्हर हळूच मागे येऊ शकते. इंजिन ठणठणीत आहे, कोणीतरी त्याचा आवाज कमी केलाय फक्त. पायलटला मात्र वाटणार इंजिन गेलं, आणि लिव्हर मागे असल्यामुळे ऑटोफेदर पण झोपलेलं. उपाय काय, तर लिव्हर परत पुढे ढकला. दोन सेकंदांचं काम! ॲडिसनच्या तपासात ही शक्यताही बघितली गेली, पण आगीत आणि आदळण्यात एवढी मोडतोड झालेली की जोर का कमी झाला ते ठरवता आलं नाही असं एनटीएसबीने लिहून ठेवलं. त्यांनी कारण म्हणून लिहिलं ते पायलटला विमान ताब्यात ठेवता आलं नाही हे, आणि त्याच्या जोडीला इंजिन गेल्यावर करायच्या ज्या गोष्टी विमान बनवणाऱ्या कंपनीने सांगितल्यात त्या केल्या नाहीत, आणि चेकलिस्ट पाळल्या नाहीत. रेकॉर्डिंगमधे टेकऑफआधी चेकलिस्ट वाचल्याचं ऐकू येत नाही, इंजिन गेलं तर काय करायचं ह्यावर दोघांत बोलणंही नाही. फ्रिक्शन नॉब बघणं हे त्याच चेकलिस्टमधलं एक वाक्य आहे.

एकदाच झालं असतं तर म्हटलं असतं योगायोग. पण ३० ऑक्टोबर २०१४ ला कॅन्सस राज्यातल्या विचिटाला हेच झालं होतं. किंग एअर बी-२००, पायलट एकटाच. टेकऑफनंतर लगेच टॉवरला सांगितलं की डावं इंजिन गेलं. विमान डावीकडे वळत वळत विमानतळालगतच्या एका इमारतीवर पडलं. तपासात डाव्या इंजिनात आधीपासूनचा असा काही दोष सापडला नाही, आणि पायलटने रडर चुकीचा दिला असा निष्कर्ष निघाला. त्या इमारतीत तीन जण गेले, ते तेव्हा सिम्युलेटरमधे होते. इमारत होती पायलट ट्रेनिंग सेंटर. इंजिन गेलं तर काय करायचं ते जिथे शिकवतात तिथेच. मी हे वाचून थोडा वेळ लॅपटॉप बंद केला होता.

मग पाय का चुकतो, हा प्रश्न राहतोच. आमच्या कॉलनीत दर उन्हाळ्यात कोणीतरी स्कूटी शिकतं, आणि दर उन्हाळ्यात कोणीतरी समोर कुत्रं आल्यावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर पिळतं. त्याला माहीत नसतं का ब्रेक कुठे आहे? असतं. घाबरल्यावर हात मूठ आवळतो आणि मुठीत ॲक्सिलरेटर असतो. पायलटचंही शरीर शेवटी शरीरच, अचानक झटका बसला की पहिले एक-दोन सेकंद मेंदू फक्त हे काय झालं एवढंच विचारत असतो आणि तोपर्यंत हातपाय स्वतःच्या मनाने काहीतरी करून मोकळे होतात. त्यात 'डावं' हा शब्द कानावर पडला की डावा पाय जागा होतो, निदान माझा तरी झाला.

कधीकधी तर इंजिनाचा संबंधच नसतो. २१ फेब्रुवारी २०१७, ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नचं एसेंडन विमानतळ, पुन्हा किंग एअर बी-२००, पायलट आणि चार अमेरिकन प्रवासी, किंग आयलंड नावाच्या बेटावर निघालेले. नेहमीपेक्षा जास्त रनवे खाऊन विमान उचललं, नाक डावीकडे, पायलटने रेडिओवर सात वेळा मेडे, म्हणजे संकटात असल्याची हाक, म्हटलं, आणि हवेत दहाएक सेकंद राहून विमान शेजारच्या शॉपिंग सेंटरच्या छपरावर पडलं. सकाळचे नऊ, दुकानं उघडायची होती म्हणून खाली कोणी दगावलं नाही, विमानातले पाचही गेले. बाहेरून बघणाऱ्या कोणालाही वाटावं डावं इंजिन गेलं. तिथल्या एटीएसबी ह्या तपास संस्थेने दोन्ही इंजिनं उघडली तर दोन्ही ठीक. चूक होती रडर ट्रिममधे. ट्रिम म्हणजे काय, तर लांबच्या प्रवासात पाय सतत दाबून ठेवायला लागू नये म्हणून एक नॉब फिरवून रडर थोडासा एका बाजूला धरून ठेवायची सोय. तो नॉब पूर्ण डावीकडे फिरलेला राहिला होता. सायकलवाल्याने हँडल वाकडं कसलं आणि आपण तशीच सायकल उतारावर सोडली, असं. पायलट भरपूर अनुभवी होता, आणि टेकऑफआधीच्या चेकलिस्टमधे तो नॉब बघायच्या पाच संधी होत्या असं अहवालात आहे. पाच!

आता कोणी म्हणेल मग एअरलाइनच्या विमानात बसायचं की नाही. बसा बिनधास्त, तिथले नियम वेगळे आहेत. मोठं प्रवासी विमान प्रत्येक वेळी असं गृहीत धरून निघतं की नेमक्या नको त्या क्षणी एक इंजिन जाणार आहे. व्ही-वन नावाचा एक वेग दर टेकऑफला काढतात, त्याच्या आधी इंजिन गेलं तर ब्रेक मारून रनवेवरच थांबता आलं पाहिजे, नंतर गेलं तर उरलेल्या इंजिनावर चढता आलं पाहिजे, ह्यात बसत नसेल तर वजन कमी करा. (जून २०२५ ची अहमदाबादची दुर्घटना ह्या चौकटीत बसत नाही, तिथे दोन्ही इंजिनांचं इंधन एकापाठोपाठ बंद झालं होतं, तो विषयच निराळा.) छोट्या दोन इंजिनी विमानांना ही हमी नसते. अमेरिकेच्या जुन्या नियमांत साधारण २,७०० किलोच्या आतल्या, हळू उतरू शकणाऱ्या विमानाने एका इंजिनावर चढून दाखवलंच पाहिजे अशी अटच नव्हती, किती चढतं ते मोजून लिहा, उणे आलं तर उणे लिहा. तशी कितीतरी विमानं आजही उडतात. जुने पायलट म्हणतात ना, की दुसरं इंजिन तुम्हाला अपघाताच्या जागेपर्यंत नेऊन पोचवतं, ते ह्याच विमानांबद्दल.

म्हणून ह्या विमानांवर शिकवताना एक गोष्ट डोक्यात पक्की बसवतात जी ऐकायला वेड्यासारखी वाटते. पाय बरोबर दिलाय तरी विमान वळतच चाललंय, वेग लाल रेघेला टेकलाय, तर चालू इंजिनाची पॉवर कमी करायची आणि नाक खाली घालायचं. जे एकमेव इंजिन चाललंय तेच मागे ओढायचं! कारण विमान फिरवतंय तेच. मग समोर जे शेत, रस्ता, मैदान दिसेल तिथे पंख सरळ ठेवून उतरायचं. सरळ आदळलेल्या विमानात माणसं वाचतात, उलट्या विमानात फारशी नाही. पण हात तयार होत नाही हे करायला, आणि ते समजण्यासारखं आहे.

आणि घाईत चुकीचं इंजिन बंद करायचा धोका वेगळाच. फेब्रुवारी २०१५ मधे तैवानमधल्या तैपेईला ट्रान्सएशिया कंपनीचं एटीआर विमान टेकऑफनंतर नदीत पडलं, ४३ जण गेले, तिथे उजवं इंजिन गेलं होतं आणि कॅप्टनने डाव्याची पॉवर काढली. म्हणून शिकवतात ती ओळ, रिकामा पाय मेलेलं इंजिन. विमान सरळ धरायला जो पाय दाबावा लागतोय ती बाजू चालू, जो पाय नुसताच पडलाय ती बाजू गेलेली. मग त्या बाजूची पॉवर लिव्हर हळूच मागे घेऊन बघायचं, काही फरक पडला नाही म्हणजे खात्री, आणि मगच फेदर.

"आम्ही हे दर वेळी टेकऑफच्या आधी मोठ्याने म्हणतो," पोरगं सांगत होतं, "रनवेवर असताना गेलं तर दोन्ही लिव्हर मागे, ब्रेक. उचलल्यावर समोर रनवे शिल्लक असेल तर परत खाली. चाकं वर घेतल्यावर गेलं तर आधी पाय, मग निळी रेघ, मग बाकी. म्हणताना हात लावतो एकेका गोष्टीला. पहिल्यांदा म्हणताना येड्यासारखं वाटतं."

मग मला परत खुर्चीत बसवलं आणि तीन वेळा म्हणायला लावलं, डावं गेलं उजवा पाय, उजवं गेलं डावा पाय. तो ओरडला, "डावं!" मी उजवा दाबला. परत ओरडला, परत बरोबर. मला वाटलं जमलं की, एवढं काय त्यात. तेवढ्यात बायको चिवड्याची ताटली घेऊन आली, म्हणाली, "अहो, धरा हे," मी दोन्ही हातांनी ताटली घेतली, आणि तो मागून ओरडला, "उजवं गेलं!"

दोन्ही पाय दाबले मी. ताटलीतले शेंगदाणे अजून सोफ्याखाली सापडतात.